मॉरिशसला घर करताना: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(मागच्या अंकात मॉरिशसमध्ये लहान मुलांना घेऊन राहण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन घेतलीत. तिघींचे प्रश्न वेगळे आहेत पण बाकीच्यांनाही उपयोगी पडतील.)

प्रश्न: ताई नमस्कार, मिस्टरांना मॉरिशसला एबेनमध्ये आयटीत जॉब लागलाय, मुलगी साडेतीनची आणि मुलगा आठ महिन्यांचा. एजंटने फ्लिक आँ फ्लाकला बीचजवळचा एक सुंदर बंगला फोटोत दाखवलाय, आणि क्यूरपिपला त्याच्यापेक्षा मोठं घर कमी भाड्यात आहे म्हणतोय. डिपॉझिट इथूनच पाठवा नाहीतर जाईल म्हणून मागे लागलाय. काय करू? – एक वाचक, पिंपरी

उत्तर: इथून पैसे पाठवू नकोस, हे आधी सांगते. पहिला महिना साधा फर्निश्ड फ्लॅट घ्या, कंपनी देत असेल तर उत्तमच, आणि तिथे राहून घर शोधा. बेट लहान आहे, साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद, त्यामुळे सगळं जवळच असेल असं वाटतं, पण हवा मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरला बदलते आणि लहान बाळ घरात असताना हवा हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

फ्लिक आँ फ्लाक, तामारें हा पश्चिम किनारा कोरडा आणि गरम, डिसेंबर ते मार्च दुपारी एसीशिवाय बाळ झोपत नाही आणि मग विजेचं बिल भाड्याच्या जोडीला येऊन बसतं. क्यूरपिप याच्या बरोब्बर उलट, साडेपाचशे मीटर उंचीवर, किनाऱ्यापेक्षा चार-पाच डिग्री थंड, पाऊस भरपूर, आणि भिंतींना जुलैतल्या महाबळेश्वरसारखी ओल. कपाटात ठेवलेल्या कपड्यांना बुरशी येते, लंगोट वाळत नाहीत. बाळाला सर्दी-कफाचा त्रास असेल तर मी तिथे घर घेणार नाही, भाडं कितीही कमी असलं तरी.

माझं मत विचारशील तर मधल्या पट्ट्यात बघ, क्वात्र बोर्न, रोज हिल, व्हाकवाचा खालचा भाग किंवा मोका. आम्ही क्वात्र बोर्नला राहिलो आणि परत जायची वेळ आली तर तिथेच राहीन. एबेन अगदी शेजारी, मेट्रो आहे (पोर्ट लुई ते क्यूरपिप लाईन 2022 पासून पूर्ण चालते आणि रोज हिलहून एबेन-रेद्वीला फाटा काढलाय), बाजारात बुधवारी आणि शनिवारी भाजी. फ्लिक आँ फ्लाकहून एबेनला रोज जायचं म्हणजे सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सहज जातो, म्हणजे मिस्टर मुलं उठायच्या आधी निघणार आणि मुलांच्या झोपेला परत येणार, आणि तू दोन मुलांना घेऊन दिवसभर एकटी, समोर समुद्र असला तरी. समुद्र रविवारी अर्ध्या-पाऊण तासावर असतोच की.

आता घर बघायला जाशील तेव्हा काय बघायचं. एक म्हणजे छत. 1960 मध्ये कॅरोल नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं, लाकडाची आणि पत्र्याची घरं हजारोंनी पडली, त्यानंतर लोकांनी सिमेंटच्या स्लॅबची सपाट घरं बांधायला सुरुवात केली. ती दिसायला ठोकळ्यासारखी असतात पण वादळात तीच टिकतात, तेव्हा पत्र्याचं सुंदर जुनं घर आवडलं तरी मुलं लहान आहेत तोवर नको. दुसरं पाणी. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस कमी असतो तेव्हा बऱ्याच भागात पाणी ठराविक तासच येतं, म्हणून टाकी किती लिटरची आहे, पंप आहे का, आणि शेजारच्यांना मागच्या नोव्हेंबरात पाणी किती वेळ यायचं ते विचार, घरमालकाला नाही शेजाऱ्यांनाच. तिसरं म्हणजे पुराचं पाणी कुठून वाहतं. 2013 च्या मार्चमध्ये पोर्ट लुईत अचानक पूर येऊन 11 लोक गेले आणि जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात तिथेच रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या. नाल्याला लागून असलेलं ग्राउंड फ्लोअरचं घर सरळ नाही म्हण.

समुद्राजवळ राहायचंच असं मनातून वाटत असेल तर एक उन्हाळा मधल्या भागात काढून मग ठरव. आणि लगूनमध्ये (किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात) मुलीला सोडताना पायात रबरी बूट पाहिजेतच, समुद्रसाळी (काटेवाले अर्चिन) असतात आणि स्टोनफिश हा विषारी मासा तर दगडातून वेगळा ओळखूच येत नाही. प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं पाणी शांत असतं, पण भिंतीत जिथे फट आहे तिथे ओढ जोरात असते, आणि दक्षिणेला ग्री-ग्रीला ही भिंतच नाही, तिथे पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

स्वतःच्या नोकरीचं पण आत्ताच एचआरकडून लिहून घे, मिस्टरांच्या परमिटवर तू राहू शकतेस पण काम करायचं तर तुझं वेगळं परमिट लागेल का ते विचार, तिथे गेल्यावर कळलं की फार त्रास होतो.

प्रश्न: ताई, लेक-जावई आणि पाच वर्षांची नात पुढच्या महिन्यात मॉरिशसला राहायला जातायत. तिकडे वादळं येतात असं ऐकल्यापासून मला झोप नाही. शिवाय आमच्याकडे सगळे शाकाहारी, नात काय खाणार? – एक आजी, चिपळूण

उत्तर: आजी, तुमची काळजी मला कळते, पण चिपळूणकरांना पाणी आणि वारा काय ते मी सांगायला नको, तुम्ही 2021 चा पूर काढलाय. तिकडची यंत्रणा खरंच चांगली आहे. वादळाचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल, वादळ जवळ यायला लागलं की एक ते चार नंबरचे इशारे देतात. दोन लागला की शाळा बंद, तीन लागला की सगळे घरी, चारला बाहेर पाऊल टाकायचं नाही. मध्येच वारा एकदम पडला तरी चार उतरेपर्यंत बाहेर जायचं नाही, कारण तो वादळाचा डोळा (मधला शांत भाग) असू शकतो आणि मग वारा उलट्या बाजूने पुन्हा जोराने येतो. लेकीला हे एकच वाक्य पाठ करून घ्यायला सांगा. एक नंबरलाच भांडी-बादल्या भरून ठेवणं, टॉर्च, पॉवर बँक, गॅस, नातीचं औषध आणि दूध पावडर, बाल्कनीतल्या कुंड्या-खुर्च्या आत, बस. वीज एक-दोन दिवस जाऊ शकते. आणि वादळ गेल्यावर कुंड्यांच्या ताटल्यांत, टायरात साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं, 2005-06 ला तिकडे चिकनगुनियाची फार मोठी साथ आली होती आणि डेंग्यूही येतो.

खाण्याची तर अजिबात चिंता करू नका. अळू मिळतं, त्याला ब्रेद सोंज म्हणतात, शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरूम, दोडका, कारलं, दुधी, भेंडी, कढीपत्ता सगळं बाजारात असतं. रस्त्यावर दालपुरी मिळते, डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पुरी, आत बीन्सची भाजी आणि चटणी, नात रोज मागेल. तुम्ही इथून पाठवायचं ते गोडा मसाला, कोकम, मेतकूट. बी-बियाणं, रोपं, ताजी फळं मात्र बॅगेत घालू नका हं, एअरपोर्टवर काढून घेतात, हापूस तर नकोच. आणि आजी, फोन करताना लक्षात ठेवा, ते आपल्यापेक्षा दीड तास मागे असतात, तुमच्या सकाळी साडेसहाला नात झोपलेली असणार.

प्रश्न: आम्ही सहा महिन्यांपासून व्हाकवाला आहोत. घर चांगलं आहे, पण मुलगा शाळेत गेला की मला करमत नाही. शेजारीण मराठी आडनावाची, मी मराठीत बोलले तर ती हसली आणि क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीत, उत्तर दिलं. मुलगाही हळूहळू मराठी सोडेल का? – नाव नको

उत्तर: अगं, तिचं हसणं मनाला लावून घेऊ नकोस. तिचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून, मुंबई बंदरातून गिरमिटिया (करारावर नेलेले मजूर) म्हणून उसाच्या मळ्यात गेलेले असणार, 1834 नंतर जी माणसं जहाजांनी गेली त्यातले. ही माणसं जिथे उतरली त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर एकदा जाऊन ये, 2006 पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे, त्या दगडी पायऱ्यांवर उभी राहिलीस की शेजारीण वेगळी दिसेल. इतक्या पिढ्यांत घरातली भाषा क्रिओल झाली, पण गणपती सुटला नाही, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते! गणपतीत झाकरी नाचतात, आपली कोकणातली जाखडी. सरकारी शाळांत मुलांना मराठी विषय घेता येतो. माझ्या मते भाषा विसरूनही त्यांनी जेवढं जपलंय त्याचा आपल्याला मान वाटला पाहिजे, आपण त्यांना तपासायला जायचं नाही.

तर मुलाच्या शाळेत विचार मराठी शिकवतात का, खासगी शाळा असेल तर बहुतेक नसेल, मग घरी रोज रात्रीची गोष्ट मराठीतच, त्यात खाडा नको. पण त्याला क्रिओलपासून अडवू नकोस, वर्गात इंग्रजी-फ्रेंच असली तरी मधल्या सुट्टीत मुलं क्रिओलच बोलतात आणि मित्र तिथेच होतात. तूही शिक, व्याकरण सोपं आहे, बाजारात भाजीवाल्यांशी बोलूनच येतं. आणि शेजारणीला विचार, तुमच्याकडे गणपतीला काय करतात, मी मदतीला येऊ का. तळणीला, मोदकाला जास्तीचे हात त्या घरात नक्की लागतात. जाताना मुलालाही घेऊन जा.