घरात शस्त्र ठेवायचं, तर कोणतं?

प्रश्न : मुलुंडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. व्यवसाय सराफीचा. परवान्याच्या अर्जात शस्त्राचा प्रकार लिहायचा आहे. रिव्हॉल्वर, पिस्तूल की बारा बोअर (छऱ्याची लांब बंदूक)? आजवर शस्त्र हाताळलेलं नाही.

उत्तर : .३२ बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या मापाचं) रिव्हॉल्वर लिहा. ९ मि.मी. पिस्तुलाचा विचार सोडून द्या, तो प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. .३२चं पिस्तूल परवान्यात बसतं, पण नवख्या हाताने एक चूक हमखास होते : मॅगझिन (काडतुसांचा डबा) काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक काडतूस तसंच राहतं. घरातले अपघात यातूनही होतात. शिवाय काडतूस अडकलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून ते काढावं लागतं. घाबरलेल्या माणसाला अंधारात हे जमत नाही. रिव्हॉल्वरचं काडतूस फुसकं निघालं, तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं.

बारा बोअरची नळीच बहुधा २८ ते ३२ इंचांची. फ्लॅटच्या बोळकांडीत ती वळवताना भिंतीला लागते, आणि दाराआडून कुणी पुढून धरली की ओढाताण सुरू. बंगला किंवा शेतघर असतं, तर आमचं उत्तर कदाचित वेगळं असतं.

खरा प्रश्न मात्र भिंतीचा आहे. खोलीचं पार्टिशन प्लायवूडचं किंवा जिप्समचं असेल, तर .३२ची गोळीही आरपार जाते. चार इंची विटांच्या भिंतीवरही भरवसा ठेवू नका. म्हणून शस्त्र घेण्याआधी घरभर फिरून बघा : दाराकडे नळी रोखली, तर मागे काय येतं? मुलांची खोली? शेजाऱ्यांचा हॉल? कुठल्या जागेवरून कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे घरातल्या सगळ्यांनी आधी ठरवून घ्यावं. दार बंद करून आत थांबायचं आणि ११२ला फोन लावायचा, हे पहिलं काम. शस्त्र त्यानंतर.

भारतीय बनावटीची बरीच .३२ रिव्हॉल्वरं, २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’सुद्धा, नळी खाली झुकवून मधून मोडल्यासारखी उघडतात. दुकानात रिकामं रिव्हॉल्वर परवानगी घेऊन हातात धरा आणि घोडा न चढवता नुसता चाप ओढून पाहा. चाप जड लागतो, आणि ओढता ओढता नळी डावी-उजवीकडे सरकते. नेम चुकतो तो इथेच. घरातल्या ज्या दुसऱ्या माणसाच्याही नावावर परवाना असेल, त्याच्या हाताला चाप झेपतो का, तेही पाहा.

प्रश्न : घरात सात वर्षांचा मुलगा आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं तर चालेल?

उत्तर : नाही. वरची फळी मुलांना सगळ्यात आधी सापडते. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला पोलादी लॉकर घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली अंगावर बाळगा. शस्त्र बाहेर काढलं की प्रत्येक वेळी नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. मग उघडून काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटाने चाचपायची. आत ठेवतानाही हेच. दीर्घ मुदतीसाठी गावी जाणार असाल, तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

प्रश्न : चोर पळत असेल तर गोळी झाडता येते का?

उत्तर : झाडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, रात्रीच्या घरफोडीचा उल्लेखही आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा कायदा देत नाही. पाठमोऱ्या माणसाला गोळी लागली, की बचावाचा मुद्दा फार कमकुवत होतो.

प्रश्न : पावसाळ्यात रिव्हॉल्वरवर गंज चढतो. उपाय?

उत्तर : मुंबईची हवा दमट आणि खारी. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी शस्त्र रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसा, मग बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. घामट बोटांचे ठसे राहिले, की नेमका तिथेच तांबूस डाग उमटतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दाण्यांचा रंग बदलला की त्या बदला. तेल काडतुसांना लागू देऊ नका. ते काडतुसाच्या बुडाच्या टोपीतून (जिच्यावर घोडा आपटून ठिणगी पडते) आत झिरपलं, तर काडतूस ऐन वेळी फुसकं निघतं.