गुडघा ठणठणीत आहे, आजी

प्रश्न : आम्ही वीस वर्षं डॅलसजवळ राहतो. मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर कॉलेजात गेला. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे समोरच्या धिप्पाड गड्यांना अडवणाऱ्या रांगेत, खेळतो. आता कोच म्हणतात, वजन अडीचशे पौंडांवरून दोनशे नव्वदवर ने, यंदा तुला 'रेडशर्ट' करतो. म्हणजे वर्षभर बाकावर! चार वर्षं पहाटे पाचला उठून मी त्याला सरावाला सोडलं, ते याच्यासाठी? खेळाडूंना कॉलेज बदलता येतं ते ट्रान्सफर पोर्टल उघडलं की दुसऱ्या कॉलेजात न्यावं, की फुटबॉल सोडून कॉम्प्युटर सायन्सच कर म्हणून सांगावं? नोव्हेंबरमध्ये साताऱ्याहून माझे आईवडील त्याचा सामना बघायला येणार होते. गुडघा दुखावलाय असं सांगून त्यांची तिकिटं रद्द केली.

– एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गुडघ्यापाशी अडखळले.

मुलगा धडधाकट आहे, रोज सराव करतोय, स्कॉलरशिप चालू आहे. आणि साताऱ्यात त्याच्या नसलेल्या दुखण्याची काळजी चाललीय. आजीचा फोन त्याला जाणारच. 'बाळा, गुडघा कसा आहे?' मग अठरा वर्षांच्या पोराला कळेल की आपल्याबद्दल खरं सांगायची बाबांना लाज वाटते. कोचच्या निर्णयाने त्याला वाईट वाटलं असेलही, पण हे जास्त लागेल. (खरोखर दुखापत होऊन हंगाम बुडाला तर तो परत मिळवायचीही तिकडे सोय आहे, तिला मेडिकल रेडशर्ट म्हणतात. तुम्ही पोराला परस्पर भलत्याच खात्यात टाकलंत.)

आणखी एक. पहाटे तुम्ही उठलात, गाडी तुम्ही चालवलीत, तिकिटं तुम्ही रद्द केलीत. या सगळ्यावर मुलगा काय म्हणतो, ते पत्रात एका ओळीतही नाही. विचारलंत का त्याला?

आता 'वर्ष वाया गेलं' याबद्दल. आपल्याकडे बारावीनंतर ड्रॉप घेतात, तसं काहीतरी तुमच्या डोक्यात असावं. ड्रॉपमध्ये कॉलेज थांबतं, इथे ते एक दिवसही थांबत नाही. खेळाडूला खेळायचे हंगाम चार आणि ते वापरायला वर्षं पाच, असा हा हिशेब आहे. रेडशर्ट म्हणजे पहिला हंगाम न खर्चता राखून ठेवणं. सराव, व्यायामशाळा, खाणंपिणं सगळं संघाबरोबरच. २०१८ पासून तर चार सामन्यांपर्यंत खेळूनही तो हंगाम शाबूत राहतो. लाइनमधल्या मुलांच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की पहिल्याच वर्षी उतरवलं असतं तर मला जास्त चिंता वाटली असती. समोर बावीस-तेवीस वर्षांचे तीनशे पौंडांचे गडी असतात. १९७२ च्या आधी तर पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला साधारणपणे परवानगीच नसायची. आजचा नावाजलेला खेळाडू जो बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात रेडशर्ट होता. पुढेही तो तिथे मुख्य क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) झाला नाही. तिथली पदवी घेऊन लुइझियाना स्टेटला गेला, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०१९ मध्ये जिंकली आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिला निवडला गेला. हे उदाहरण नातेवाइकांना सांगायला ठेवा, मुलाला ऐकवू नका. कॉलेजात खेळणाऱ्या शंभरांतले दोनही एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, पोचत नाहीत.

तुमची धास्ती अगदीच निराधार आहे असं मात्र म्हणणार नाही. २०२५ पासून बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या संघांत १०५ च खेळाडू ठेवता येतात, आणि पोर्टलमधून तयार, वयाने मोठा खेळाडू मिळत असताना कच्च्या पोराला दोन-तीन वर्षं घडवत बसायचा धीर कोचकडेही कमी झालाय. म्हणून त्याने (तुम्ही नव्हे) दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : वसंतातल्या सरावापर्यंत माझ्याकडून नेमकं काय हवंय, आणि पुढच्या वर्षी माझी स्कॉलरशिप कायम आहे का? दुसरीचं उत्तर कागदावर हवं. नियम हल्ली भराभर बदलतात, तेव्हा ताजा नियम कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसातूनच (खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीतूनच) कळेल.

पोर्टलचं म्हणाल, तर कॉलेज बदललं म्हणून पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. एक सत्रही धड झालेलं नसताना निव्वळ तुमच्या रागापायी तो तिथे उतरला, तर नव्या कोचसमोरही अडीचशे पौंडांचाच मुलगा उभा राहील.

कॉम्प्युटर सायन्ससाठी फुटबॉल सोडायचं कारण मला दिसत नाही. उलट मोठ्या संघांतली रेडशर्ट मुलं बाहेरगावच्या सामन्यांना सहसा जात नाहीत. ते शनिवार-रविवार त्याचे. कॅल्क्युलस, प्रोग्रॅमिंगचे जड विषय, दुपारच्या सरावाशी टक्कर घेणाऱ्या लॅब, जेवढं उरकता येईल तेवढं याच वर्षी उरकावं. पुढे हंगाम सुरू झाले की खेळाडूंना हलके विषय घ्यायचा मोह होतो आणि सल्लागारही कधीकधी तिकडेच ढकलतात. नियमाने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पुरा लागतो, मग ६०, मग ८०. तेवढ्यावर समाधान मानू नये. चार वर्षांत पदवी आणि स्कॉलरशिप टिकली तर पाचव्या वर्षी मास्टर्स सुरू, असा आराखडा आत्ताच सल्लागाराबरोबर बसून करावा. जीआरई वगैरेचं नंतर बघू.

तुम्ही मात्र आज रात्रीच साताऱ्याला फोन करा. गुडघ्याचं खरं सांगून टाका आणि तिकिटं पुन्हा काढा. नातू सामन्यात उतरणार नाही, हेही आधीच सांगा. रेडशर्टचे नियम आजीला समजावत बसू नका. पोराला चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो वजन वाढवायचंय, एवढंच सांगा. पुढचं ती बघेल.