लॅम्डा फाजचं मॉडेल: सुरुवात दोन प्रथिनांपासून

जनुकं चालू-बंद कशी होतात याच्या पहिल्या गणिती मॉडेलसाठी तुम्ही लॅम्डा फाज (जिवाणूंना लागण करणारा विषाणू) निवडलात, हे फार चांगलं केलंत. या विषाणूवर इतकी मोजमापं झाली आहेत की आपलं उत्तर पडताळायला आकडे हाताशी असतात.

मात्र सगळा ४८,५०२ बेस-जोड्यांचा जीनोम (विषाणूचा संपूर्ण डीएनए) एकदम अंगावर घेऊ नका. सीआय आणि क्रो ही एकमेकांचं उत्पादन अडवणारी दोनच प्रथिनं घ्या, आणि उजव्या ऑपरेटरच्या (ही प्रथिनं बसतात त्या डीएनएच्या तुकड्याच्या) तीन जागा: ओआर१, ओआर२, ओआर३. सीआयची जोडी (एकत्र आलेले दोन रेणू) आधी ओआर१ वर बसते आणि शेजारच्या ओआर२ वर दुसऱ्या जोडीला बसायला मदत करते. क्रो आधी ओआर३ धरतो आणि सीआयचं उत्पादन अडवतो. कोड लिहिण्याआधी याचा तक्ता हाताने काढा: कोणती जागा भरली की कोणता प्रमोटर (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं ती डीएनएवरची जागा) चालू. फक्त सीआय धरला तर आठच ओळी होतात. तेवढ्या नीट कळल्या की अर्धं काम झालं.

नवीन माणसं हमखास अडकतात ती इथे:

- एककं. ई. कोलाय या जिवाणूच्या (फाज त्यातच वाढतो) पेशीत एक रेणू म्हणजे ढोबळमानाने १ नॅनोमोलर इतकी संहती. रेणूसंख्या आणि संहती यांची सरमिसळ करू नका.
- सुटं प्रथिन आणि जोडी एकच धरणं. डीएनएवर बसते ती जोडी.
- आलेख जुळेपर्यंत पॅरामीटर फिरवत बसणं. ही सवय लागूच देऊ नका.

गिलेस्पी अल्गोरिदम (रेणूंच्या यादृच्छिक घटना एकेक करून मोजण्याची पद्धत), सीटू (फाजचं आणखी एक प्रथिन), डीएनएचा लूप (डीएनए वळून होणारा फास) हे सगळं नंतर. आधी साध्या समीकरणांतून दोन स्थिर अवस्था (एकीत सीआय जास्त, दुसरीत क्रो जास्त) मिळतात का बघा आणि आलेख इथे टाका, मी नक्की बघेन.