‘का’ विचारायच्या आधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘बाई, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास सोडून जीनोमकडे वळू का? इथे काहीच सिद्ध होत नाही.’ फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो बाई, हो बाई’ करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले.

जीनोमकडे जायचं तर खुशाल जा, त्यात कमीपणा काही नाही. पण टेकडीवरच्या कुत्र्यांनी दगा दिला म्हणून निघाला असशील तर थांब. त्यांनी दगा दिलेला नाही. तू त्यांना अजून भेटलेलाच नाहीस.

परवाची सकाळ आठव. वेताळ टेकडीवर खाणीपाशी आपण उभे होतो. अनोळखी माणसाजवळ कुत्रं किती वेळात येतं हे तुला मोजायचं होतं. मी अनोळखी माणसाचं काम करत होते आणि तू स्टॉपवॉच घेऊन वहीत लिहीत होतास. ‘मादी, प्रौढ, जवळ यायला 7 सेकंद.’ वीस मिनिटांनी खालच्या वळणावर पुन्हा तेच: ‘मादी, प्रौढ, 4 सेकंद.’ अरे, ती तीच होती! तपकिरी, मागच्या उजव्या पायाने किंचित लंगडणारी, शेपटीचं टोक पांढरं. गवतातून आपल्या मागोमाग आली होती. मी विचारलं, ‘ही कोण?’ तू म्हणालास, ‘कुत्री.’

चार सेकंदांत आली, कारण मी तिला आता अनोळखी नव्हते. तुझ्या त्या सकाळच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. वहीत तिच्या दोन कुत्र्या झाल्या आणि ती गोष्ट हरवली.

तक्त्यात 412 ओळी आहेत असं तू अभिमानाने सांगितलंस. कुत्री किती, विचारलं तर ‘असतील तीसेक’. मग 412 हा आकडा कशाचा? एकाच कुत्रीला दहादा विचारून दहा मतं मिळाली म्हणायची, असला हा प्रकार. हर्लबर्ट या अमेरिकन अभ्यासकाने 1984 मध्ये या चुकीचं बारसं केलं, स्यूडोरेप्लिकेशन. तुला ते परीक्षेपुरतं पाठ आहे. त्यावर तू म्हणालास, ‘मिक्स्ड मॉडेल लावतो ना.’ लाव की. एकाच प्राण्याच्या अनेक नोंदी सांभाळून घेणारं गणित आहे ते. त्या मॉडेलला प्रत्येक ओळीपुढे एक नाव लागतं, आणि तो रकाना तुझ्याकडे नाही. ‘का’ विचारायला सगळे उतावळे असतात. ‘का’च्या आधी ‘कोण’ येतं.

तेव्हा मी गप्प बसले, कारण मला माझीच लाज आठवली.

1989 आणि 1990 चे दोन हंगाम, फेब्रुवारी ते जून, मी नदीकाठच्या एका मातीच्या दरडीसमोर काढले. दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. पिल्लांना किती वेळा भरवतात, काय भरवतात, उन्हं चढल्यावर फेऱ्या कमी होतात का, हे मी मोजत होते. रकान्याचं शीर्षक होतं ‘जोडी’. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे एक आत गेला, एक बाहेर आला की झाली माझी जोडी. सतराशेवर फेऱ्या नोंदल्या. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी एक वयस्क अभ्यासक सहज म्हणून आले. तासभर बसले, थर्मासमधला माझा चहा प्यायले आणि म्हणाले, ‘दोनच आहेत हे कशावरून?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बघते तर एक राघू तारेवर, एकाचं शेपूट बिळातून बाहेर येतंय, आणि तिसरा चोचीत चतुर धरून बाभळीवर पाळीची वाट बघतोय.

तिसरा! दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

वेड्या राघूंच्या काही घरट्यांवर आईबापांखेरीज मदतनीस असतात, हे आज कुणीही सांगेल. तो मदतनीस कोण, म्हणजे थोरला मुलगा, काका की परका, यावर पुढचं सगळं अवलंबून. नातलगाला मदत करणं केव्हा परवडतं, याचा जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1964 मध्ये मांडलेला नियम तू फळ्यावर झोकात लिहितोस: नातं गुणिले फायदा, तोट्यापेक्षा जास्त. त्यातलं ‘नातं’ तू कुठून आणणार आहेस? केनियातल्या पांढऱ्या कपाळाच्या राघूंवर एम्लेन आणि रेगे या अमेरिकन अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं, एकेका पक्ष्याचं घराणं माहीत करून घेतलं, तेव्हा कुठे म्हणता आलं की हे पक्षी जवळच्या नातलगाच्या घरट्यावर मदतीला जाणं पसंत करतात. माझ्याकडे होत्या सतराशे फेऱ्या आणि एकही पक्षी नाही.

मार्गदर्शक म्हणाले, ‘छापून टाक, कोण बघायला जातंय?’ मी नाही छापलं. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. रीतसर परवानगी काढून पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातली आणि पुढची अकरा वर्षं त्याच दरडीसमोर बसले. 63 पक्षी. लाल-पिवळा, निळा-निळा, हिरवा-पांढरा. इतक्या काळात निबंध आले दोन. तुमच्या विभागात माझं नाव निघालं की कुणीतरी हळूच हसतं, हे मला ठाऊक आहे. हसू देत. त्या 63 पैकी कुणी कुणाच्या घरट्यावर मदत केली हे मी झोपेतही सांगेन, आणि हसणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःच्या डेटातला एक तरी प्राणी रस्त्यात भेटला तर ओळखू येईल?

असो. चूक माझीही होती. ‘आणखी एक हंगाम’ म्हणत मी लिखाण पुढे ढकलत राहिले. एका मार्चमध्ये वाळूसाठी जेसीबी आला आणि दोन दिवसांत दरड गेली. निळा-निळा तारेवर बसून होता, समोर बीळ खणायला भिंतच नव्हती. म्हणून तुला वेळेवर लिही म्हणते. पण घाईने लिहायचं म्हणून ‘कोण’ गाळू नकोस. या दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवायच्या ते मला विचारू नकोस, मला जमलं नाही.

नोकरी नाही, फेलोशिप नाही, उपकरणं नाहीत ही तुझी रड मला कळते. 1930 मध्ये सलीम अलींनाही नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि पावसाळाभर सुगरणीची वसाहत बघत बसले. आपण तिला सुगरण म्हणून मोकळे होतो, खोपा विणतो मात्र नर. तो अर्धामुर्धा विणून लटकवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर आत मुक्काम टाकते. मग नर तो पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो, दुसरीसाठी. कुठला नर कुठल्या खोप्यावर आहे याचा माग धरल्याशिवाय हे दिसलं असतं? वरवर बघणाऱ्याला ताडावर नुसता कलकलाट दिसतो.

वानरांचंही तेच. धारवाडजवळ सुगियामा या जपानी अभ्यासकांनी 1962 मध्ये पाहिलं की टोळीवर नवा नर आला आणि पिल्लं मारली गेली. पुष्कळांनी याला गर्दीने आलेला वेडाचार म्हटलं. अमेरिकेच्या सारा हर्डी 1971 पासून राजस्थानात अबूला जाऊन टोळ्यांमागे फिरल्या आणि वेगळं म्हणाल्या: नवा नर मारतो ती आधीच्या नराची पिल्लं, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. यावर पुढे कडाक्याचं भांडण झालं. पण ‘कुणाची पिल्लं’ हे माहीत नसतं तर भांडायलाही काही नव्हतं.

गाइड तुला वाघाचे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जंगलात लावायचे आपोआप फोटो घेणारे कॅमेरे, देतायत, त्याचा मोह पडलाय ना? तिथेही हेच आहे. कर्नाटकात नागरहोळेत उल्लास कारंथांनी अशाच फोटोंतल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधला, 1995 मध्ये. त्याआधी पाऊलठशांवर मोजणी चालायची, आणि 2005 मध्ये राजस्थानच्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं तेव्हा त्या मोजणीची लाज गेली.

आणि माझ्या राघूंचं काय सांगू! पुण्यातल्याच मिलिंद वाटवे आणि मंडळींनी 2002 मध्ये दाखवलं की घरट्याजवळ माणूस उभा असला, तर त्याला तिथून बीळ दिसतंय की नाही याचा हिशेब हा पक्षी करतो. दिसत असेल तर आत जायला कचरतो. म्हणजे राघूसुद्धा आपल्याला ‘एक माणूस’ म्हणून उडवून लावत नाही. तू कुत्रीला लावतोस.

आता काम. दोन महिने स्टॉपवॉच घरी ठेव. प्रत्येक कुत्र्याच्या दोन्ही कुशींचे, तोंडाचे आणि शेपटीचे फोटो काढ. एका बाजूचे ठिपके दुसऱ्या बाजूला नसतात. कापलेला कान ही ओळख धरू नकोस, तो नसबंदी झालेल्या कुत्र्यांची खूण आहे, टेकडीवर असे कितीतरी निघतील. मग मैत्रिणीला फोटो पिसून समोर ठेवायला सांग. चुकलास तर पुन्हा टेकडीवर. नावं दे, आकडे दे, मला फरक पडत नाही. त्यानंतर रोज निघण्याआधी ठरव की आज कुणाकडे बघायचं, आणि तेवढा वेळ त्याच्यावरून नजर काढू नकोस. वर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमनने 1974 मध्ये हेच सांगितलं, नाहीतर डोळा आपोआप भांडणाकडे धावतो आणि वहीत जगातली सगळी कुत्री भांडखोर ठरतात.

कंटाळा येईल. तो तुझा तू बघ.

रविवारी सहाला खाणीपाशी येते. चहा मी आणीन.

बाई

ता. क. 412 ओळींचा तक्ता पुसू नकोस. माझ्या सतराशे फेऱ्यांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. आणि ती लंगडी तपकिरी काल पुन्हा दिसली, वळणावर. तिच्यामागे दोन पिल्लं होती, त्यातल्या एकाच्या शेपटीचं टोक पांढरं आहे. तुझ्या वहीत ती अजून दोन कुत्र्या आहे.