क्रेटाची किंमत नंतर पाडू, आधी त्या पॉलिसीचं बघा

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 37, अंबडला कंपनीत नोकरी, हातात 92 हजार येतात. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी, आई-वडील. घराचं 31 लाखांचं कर्ज बाकी, हप्ता साडेएकोणतीस हजार. 2016 ची वॅगनआर आहे, चांगली चालतेय पण मागे तिघं नीट बसत नाहीत. प्रश्न असा की क्रेटा घ्यावी की ग्रँड विटारा हायब्रिड, आणि शोरूमवाला 25 हजारांच्या वर एक रुपया सोडत नाहीये तर त्याला खाली कसं आणायचं.

आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी. डाउन पेमेंटसाठी बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडणार, वर्षाला 1 लाख 20 हजार असे चार हप्ते भरलेत, बँकेतला माणूस म्हणाला होता की चार-पाच वर्षांनी हवे तेव्हा काढा, त्यामुळे सहा लाख तरी येतील. उरलेले 12 लाख होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज घेऊन 16 वर्षांत फेडणार, हप्ता साडेअकरा हजारच बसतो. टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) नाही, नोकरीच्या कंपनीचा ग्रुप विमा आहे.

साहेब, गाडीचं सांगते, पण आधी या दोन ओळी.

सहा लाख येणार नाहीत. तुम्ही भरलेत 4 लाख 80 हजार. अशा पारंपरिक पॉलिसीत चार वर्षांनंतर सरेंडर केलं, म्हणजे मधेच मोडली, तर भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे मिळण्याची हमी असते, म्हणजे 2 लाख 40 हजार, फार तर त्यात थोडी भर. 'काढता येतात' हे त्या माणसाने सांगितलं, किती येतात हे सांगितलं नाही, आणि हे दर महिन्याला कुणाच्या तरी पत्रात वाचायला मिळतं म्हणून संताप होतो. दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी दुप्पट, असंच ना? 12 लाखांचे 24 लाख. हिशेब केला तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. त्याच बँकेच्या काउंटरवर मुदत ठेवीचा बोर्ड लावलेला असतो, तो तरी वाचून दाखवायचा त्याने.

तरीही लगेच सरेंडर करा असं मी म्हणत नाहीये. नुकसान जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती न मोडता तशीच ठेवली, तर विसाव्या वर्षी कमी का होईना पण रक्कम मिळते, आणि आजच्या 2 लाख 40 हजारांशी तुलना केली तर तो पर्याय बरेचदा जास्त देतो. पॉलिसीत बोनस आहे की हमी रक्कम, यावर ते अवलंबून आहे. म्हणून विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप केली तर विसाव्या वर्षी किती. फोनवर सांगितलेले आकडे धरू नका.

आता खरं काळजीचं. या पॉलिसीत तुमचं कव्हर, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना मिळणारी रक्कम, वार्षिक हप्त्याच्या दहापट आहे, म्हणजे 12 लाख. डोक्यावर आज 31 लाख, टॉप-अप घेतल्यावर 43 लाख. आणि गाडीसाठी तुम्ही मोडताय काय, तर तेच 12 लाखांचं एकमेव स्वतःचं कव्हर! कंपनीचं ग्रुप इन्शुरन्स नोकरी आहे तोवर, राजीनामा दिला की गेलं, आणि ते सहसा वार्षिक पगाराच्या दोन-तीनपट असतं. उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींच्या हातात काय राहील? घर बँकेकडे गहाण आणि दारात गाडी. आई-वडील, मुलगी, सगळं त्यांच्यावर.

तेव्हा क्रम असा. आधी टर्म प्लॅन, दीड कोटीचा, वयाच्या साठीपर्यंत. सिगारेट ओढत नसाल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण 20-25 हजार लागतील, सप्टेंबर 2025 पासून यावर जीएसटीही नाही. अधूनमधून एखादी सिगारेट होत असली तरी फॉर्ममध्ये लिहा, शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर त्याही लिहा, हप्ता थोडा वाढेल पण क्लेमच्या वेळी वाद नको. आणि फॉर्म भरताना एमडब्ल्यूपीच्या पर्यायावर टिक करा, 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे तो, त्याखाली घेतलेल्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांचेच राहतात, तुमचे देणेकरी त्यावर हक्क सांगू शकत नाहीत. हे नंतर जोडता येत नाही. टर्मची पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीला हात लावा, आधी नाही.

टॉप-अपचं बघू. 12 लाख, पावणेनऊ टक्के, 16 वर्षं. हप्ता साडेअकरा हजार दिसतो खरा, पण एकूण भराल 22 लाखांच्या वर, म्हणजे व्याजच दहा लाख. तेच कार लोन सव्वानऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता 25 हजार आणि व्याज तीन लाख. दर जास्त असून सात लाख वाचतात. व्याजदर कमी म्हणून खूश होतो आपण आणि मुदत कुणी बघत नाही. ही गाडी तुम्ही आठ-दहा वर्षांत विकाल आणि मुलगी कॉलेज संपवेल तेव्हाही गाडीचा हप्ता चालू असेल.

मग 25 हजार झेपतात का? घराचा हप्ता, पॉलिसीचे महिन्याला दहा हजार आणि घरखर्च जाऊन तुमच्या म्हणण्याप्रमाणे 14 हजार उरतात. पॉलिसी थांबवली की 24, त्यातून टर्मचे दोन हजार गेले की 22 हजार. म्हणजे आज नाही झेपत, आणि पेट्रोल-सर्व्हिसिंग अजून धरलंच नाहीये. दीड वर्ष थांबा. दर महिन्याला 22 हजार आरडीत टाका, गाडीचा हप्ता सुरू झालाय असंच समजून. चारेक लाख जमतील, वॅगनआरचे दोन-अडीच येतील, मग कर्ज 11 लाखांवर येतं आणि पाच वर्षांचा हप्ता 23 हजारांत बसतो. दीड वर्षात तुम्हाला कळेलही की हे 22 हजार खरंच बाजूला पडतात का. नाही पडले तर चार मीटरच्या आतली गाडी बघा. 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर जीएसटी 18 टक्के, तुमच्या यादीतल्या दोन्ही गाड्यांवर 40. व्हेन्यू, नेक्सॉन, एक्सयूव्ही थ्री एक्सओ यांची 1.2 पेट्रोल व्हर्जन त्यात बसतात. ब्रेझा मात्र नाही, लांबी बसते पण तिचं इंजिन दीड लिटरचं आहे.

हायब्रिडचं सोपंय. तुमच्याच दोन कोटेशनमध्ये तीन लाखांचा फरक आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवता. कागदावर जवळपास 28 चं मायलेज लिहिलेलं असतं, रस्त्यावर 20 धरा, साध्या पेट्रोलला 13. वर्षाला पावणेतीनशे लिटरच्या आसपास वाचतं, 105 च्या भावाने 28-29 हजार. तीन लाख वसूल व्हायला दहा वर्षं. शिवाय हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकी लहान होते, आई-वडिलांना घेऊन कोकणात जायचं म्हटलं तर पाच जणांच्या बॅगा कुठे ठेवाल? तुमच्यासाठी साधी पेट्रोल क्रेटा. तरीही हायब्रिडच हवी असेल तर टोयोटाच्या हायरायडरचंही कोटेशन घ्या, आतून गाडी तीच आहे.

आता शोरूमवाला. तुम्ही पाठवलेलं कोटेशन बघितलं. एक्स-शोरूम 15 लाख, आरटीओ 1 लाख 80 हजार, यात काही होत नाही, महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्केच आहेत. इन्शुरन्स 72 हजार, इथे आहे त्याचा मलिदा. तेवढ्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सची घसारा-कपात न होणं) वगैरे घालून बाहेरून कोटेशन काढा आणि त्याच्यासमोर ठेवा, 15-20 हजारांचा फरक सहज निघतो. इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती तो करू शकत नाही. अ‍ॅक्सेसरी किट 32 हजार, काढून टाका, मॅट आणि सीट कव्हर बाहेर निम्म्यात होतात. हँडलिंग 7 हजार, कशाचे ते लेखी मागा, बहुतेक वेळा ती ओळच गायब होते. एक्स्टेंडेड वॉरंटी 14 हजार ठेवलीत तरी चालेल. टीसीएसचे, म्हणजे शोरूमने तुमच्याकडून आगाऊ घेतलेल्या इन्कम टॅक्सचे 15 हजार रिटर्नमध्ये टॅक्समधून वजा होतात, ते दरवर्षी कितीतरी लोक विसरतात. तुम्ही 25 हजारांवर भांडताय आणि खालच्या ओळींत 55-60 हजार पडलेत.

कॉर्पोरेट डिस्काउंट आणि एक्स्चेंज बोनस हे गाडी बनवणाऱ्या कंपनीचे असतात, ते धरून झाल्यावर 'तुमच्याकडून किती' असं वेगळं विचारा. नाशिकच्या दुसऱ्या शोरूमचं आणि एक पुण्याचं कोटेशन मेलवर घ्या. पाडवा-दसऱ्याला गाडी घरी आणायला हरकत नाही पण सौदा त्या आठवड्यात करू नका, तेव्हा गिऱ्हाइकांची रांग असते, महिनाअखेरीला टार्गेट अडलेलं असतं तेव्हा जा. आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी, रजिस्ट्रेशनच्या आधी, चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघा. मागच्या वर्षाची असेल तर किंमतही तशी हवी.

हे सगळं दीड वर्षाने. पॉलिसीचा पाचवा हप्ता मात्र पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर 30 दिवसांची सवलत मिळते, म्हणजे हातात दोनेक महिने आहेत. टर्मचा अर्ज याच आठवड्यात टाका, मेडिकलला वेळ जातो. त्या दोन आकड्यांसाठी विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, बँकेत नाही, आणि शिक्का मारलेली पोच घेऊन या. आकडे आले की मला पाठवा, मोडायची की पेड-अप ते बघून सांगते.