दुर्बिणीतून अन्ननलिकेतली गाठ काढल्यावर गिळायला कायमचा त्रास राहतो का?

तुमच्या वडिलांची गाठ सुरुवातीचीच आहे आणि ईएसडी (दुर्बिणीतून गाठ असलेला आतला थर सोलून काढणं) ठरलंय, म्हणून एकच गोष्ट आधी विचारून घ्या: गाठ नळीच्या घेराचा किती भाग व्यापते? थोडा असेल तर गिळणं बहुधा पूर्ववत होतं, कारण सोलून काढतात तो आतला थर. घास पुढे ढकलणारा स्नायू जागेवरच राहतो. जखम पाऊण घेराच्या पुढे गेली की मात्र ती भरताना आकसते आणि नळी अरुंद होते.

माझ्या आईची पाऊणच्या पुढे होती. साताऱ्याकडची बाई, चाळीस वर्षं मिश्री लावलेली. तपासणीत आयोडीन फवारल्यावर नळी सगळी तपकिरी झाली, एक पट्टा तेवढा फिका राहिला, तीच गाठ. तो फोटो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गाठ निघाली, आई घरी आली, पेजेवरून मऊ भातावर आली. तिसऱ्या आठवड्यात भाकरीचा घास घेतला आणि छातीच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाली, "हितं बसलाय." दादा म्हणाला, सूज असेल, उतरेल. वहिनीने मायेने सगळं मिक्सरमधून काढायला सुरुवात केली. ते उतरायचं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या मते आई बरी होती. डॉक्टरांना फोन करा म्हणून मी पुण्याहून रोज सांगत होते. "लांबून शहाणपणा शिकवू नकोस," हे उत्तर. महिनाभराने तिला थुंकीही गिळवेना. तपासायला गेलो तर दुर्बीणच पुढे जाईना.

मग फुगा घालून नळी रुंद करणं सुरू झालं. एकदा नाही, सात वेळा. आकसणं साधारण दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं, तेव्हाच गाठलं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं, असं मी आजही दादाला तोंडावर सांगते. मिक्सरच्या जेवणाने त्रास झाकला जातो, बरा होत नाही.

दादाचं दुसरं म्हणणं, "मोठं ऑपरेशनच करायला हवं होतं." साफ चूक. त्यात अन्ननलिका काढून जठर वर ओढतात. जन्मभर थोडं थोडं खायचं, रात्री आंबट पाणी वर येतं. गाठ आतल्या थरापुरती असताना ते कशाला?

जखम मोठी होणार असेल तर आकसू नये म्हणून स्टेरॉइड देतात का, हे आधीच विचारा. वडिलांना मधुमेह असेल तर तेही सांगा, स्टेरॉइडने साखर चढते. सुरुवातीचे दिवस पातळच द्यायचं, माझं वाचून घाईने पोळी देऊ नका. फुग्याने क्वचित नळी फाटते. नंतर छातीत जोरात दुखलं किंवा ताप आला तर त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत गाठ खोल गेलेली निघाली तर पुढचे उपचार लागतात, तेव्हा माझं वरचं बोलणं तिथे लागू नाही.

आई आता ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाते. कोरडा घास अजून पाण्याच्या घोटाबरोबरच उतरतो.