त्या चाव्या कुठल्या कुलपाच्या?

"काकू, मी ३६ वर्षांची, आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई, सिंहगड रोडला टूबीएचके. सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा पाच वर्षांपूर्वी इकडे आलो, जुनं फर्निचर तिथेच देऊन टाकलं. नवीन घर मी फार हौसेनं सजवलं, मॉड्युलर किचन, सरकत्या दारांचे वॉर्डरोब, सगळं. पण सासूबाईंचा पसारा! श्रीखंडाचे रिकामे डबे, पिशवीत पिशव्या, बाल्कनीत पितळी पातेली, सोफ्याखाली साड्यांचं गाठोडं, पासबुक तर चक्क तांदळाच्या डब्यात. कमरेला अजून चाव्यांचा जुडगा, दिवसभर खुळखुळ, माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जाते. मागच्या महिन्यात त्या नणंदेकडे साताऱ्याला गेल्या तेव्हा मी दोन पोती बाहेर काढली. आल्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, पण पंधरा दिवसांत दुप्पट गोळा केलं. मी सगळे व्हिडिओ बघून झाले, बास्केट आणल्या, लेबलं लावली. ह्यांना सांगितलं तर म्हणतात आईला काही बोलू नकोस. घराचं केळकर म्युझियम झालंय. काय करू? — वैतागलेली सून"

अगं वैतागलेली, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडकले. डब्यांवर नाही, पातेल्यांवर नाही. त्या चाव्यांवर.

कुठल्या कुलपाच्या आहेत गं त्या?

खुळखुळ होते, मीटिंगमध्ये ऐकू जाते, एवढं लिहिलंस. कशाच्या ते नाही लिहिलंस, म्हणजे तुला माहीत नसणार, किंवा कधी विचारावंसंच वाटलं नसणार. मी आपली अंदाजानं सांगते, चुकले तर कळव. एक चावी वाड्यातल्या खोलीची, जिथे आता बहुतेक कुणाची तरी गाडी लागत असेल. एक ट्रंकेची. आणि दोन एका लोखंडी कपाटाच्या, एक बाहेरच्या दाराची आणि एक आतल्या लॉकरची. पेठेतल्या घरात ते कपाट असतंच, गोदरेजनं १९२३ साली ती कपाटं बनवायला घेतली आणि मग लग्न झालं की पहिली मोठी खरेदी तीच, हिरवट किंवा करड्या रंगाचं, एका दाराला आरसा, हँडल फिरवलं की खटकन आवाज. ते कपाट सिंहगड रोडला आलेलं नाही हे मी पैजेवर सांगते. "जुनं फर्निचर तिथेच देऊन टाकलं", पाच शब्दात आटपलंस. वॉर्डरोबच्या लूकला शोभलं नसतं, हो ना?

आता तुझंच पत्र परत वाच. घरातली एकूण एक वस्तू कुठे आहे ते तू सांगितलंयस. सोफ्याखाली काय, बाल्कनीत काय, तांदळात काय. फक्त एक गोष्ट त्यात कुठेच नाही, सासूबाईंचं कपाट. झोपत असतील नातीच्या खोलीत, तिथल्या वॉर्डरोबमध्ये नातीचे फ्रॉक, स्कूलबॅग, खेळणी, आणि फार तर वरचा एक कप्पा आजीला, जिथे त्यांचा हात पोचत नाही. बरोबर?

तांदळाच्या डब्यात पासबुक कोण ठेवतं माहितीये? ज्याला ड्रॉवर नाही तो. सोफ्याखाली गाठोडं कोण ठेवतं? जिच्या कपाटाची फक्त चावी उरलीये ती. तू ज्याला पसारा म्हणतेस ना, ते एका बाईनं तुझ्या घरात जिथे जिथे फट दिसली तिथे आपलं सामान सरकवलेलं आहे. त्या पंचवीसतीस वर्षं एका घराच्या मालकीणबाई होत्या, साखर किती आणायची ते त्या ठरवायच्या, आणि आता चमचा कुठे ठेवायचा तेही तुझ्या लेबलवर लिहिलेलं असतं.

कुणीतरी तुला सांगेल की त्या पिढीनं टंचाई बघितली, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, रेशन, रॉकेलच्या रांगा, म्हणून पिशवी पण टाकवत नाही. असेलही. पण ते कारण सांगून तू आणि मी दोघीही मोकळ्या होतो, ना तुला काही करावं लागत ना मला काही सांगावं लागत, म्हणून मी ते बाजूला ठेवते.

आणि केळकर म्युझियम म्हणालीस ते तर मला अजिबात आवडलं नाही. कधी गेलीयेस का बाजीराव रोडला, का नुसतंच बोलायला? दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं सुद्धा, गावोगाव फिरून जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि आपल्याला बघायला मांडलेल्या असतात साधारण अडीच हजार. बाकी सगळं आत, ठेवणीत. म्हणजे म्युझियमला सुद्धा दार बंद करता येईल अशी जागा लागते तेव्हा कुठे बाहेरचं नीटनेटकं दिसतं. तुझ्या सासूबाईंना तेवढीही नाही.

आता त्या दोन पोत्यांबद्दल. राग येईल तुला पण बोलते. माणूस गावाला गेलाय बघून त्याचं सामान बाहेर काढायचं ह्याला आवराआवरी म्हणत नाहीत गं. त्या बोलल्या नाहीत ह्याचा अर्थ तुला वाटतोय की चाललं. उलट, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना कळलं की ह्या घरात आपण चार दिवस नसलो की आपल्या वस्तूही नसतात, म्हणून पंधरा दिवसांत दुप्पट. तू परत काढ, परत दुप्पट होईल, आणि ह्या वेळी उशीच्या अभ्र्यात जाईल.

माझ्या आईची एक पत्र्याची ट्रंक होती, पलंगाखाली. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, आई, खजिना दाखव. ती कधी दाखवायची नाही. ती गेल्यावर उघडली तर आत काय, दोन कोरे नॅपकिन, पीएमटीच्या बसचा जुना पास, नथीची रिकामी डबी, आणि माझ्या भावाच्या शाळेच्या फीच्या पावत्या रबर लावून. रबर हातात तुटलं. रद्दीत घेणार नाही कुणी असा ऐवज. पण घर कसं होतं आमचं, दोन खोल्या आणि सहा माणसं, आणि एक वस्तू इकडची तिकडे नाही. तिची ट्रंक होती ना, मग बाकीच्या घरात तिला काही लपवावं लागलं नाही.

तर ऐक. व्हिडिओ बंद कर. येत्या रविवारी तुझ्या बेडरूममधल्या वॉर्डरोबचा एक पूर्ण भाग रिकामा कर. नातीच्या खोलीतला नाही, तुझ्या. कमरेपासून डोळ्यांपर्यंतचे कप्पे, जे सगळ्यात सोयीचे असतात आणि म्हणून तू घेतलेत तेच. तुझे न घातलेले कुर्ते आणि टॅगसकट पडलेल्या त्या बास्केट जाऊ देत कुठे जायच्या तिथे. बेडरूममध्ये त्यांनी दिवसातून चारदा यायचं म्हणजे तुझी पंचाईत होणार असेल, तर तो बेतच सोड आणि त्यांच्यासाठी एक सुटं लोखंडी कपाट विकत आण, नातीच्या खोलीत लाव, लूक गेला खड्ड्यात. सरकत्या दाराला कुलूप बसत नाही असं सांगू नकोस, काचेच्या शोकेसला असतं तसलं लॉक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, सुतार अर्ध्या तासात बसवून देतो. आणि हे सगळं नवऱ्याला करायला लाव. "आईला काही बोलू नकोस" म्हणतो ना, मग न बोलता कपाट उचलू दे.

कपाटात काय ठेवताय ते विचारायचं नाही. श्रीखंडाचे डबे ठेवले तरी नाही. मदत करू का, असंही नाही, त्या मदतीचं दुसरं टोक कुठे जातं ते त्यांना आता माहीत झालंय.

पितळी पातेल्यांचं मात्र विचार. कुणी कल्हई करून देणारा सापडतो का बघ, नाहीतर पातेलं घेऊन दोघी जा कसब्यात, तांबट आळीत. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यांनाच बोलू दे. एखादं मोडीत द्यायचं असेल तर त्या स्वतः देतील आणि भाव पण तुझ्यापेक्षा चांगला करतील. रिकाम्या डब्यांची घाई करू नकोस. महिना दीड महिन्यानं, 'स्वच्छ' ह्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला दारात आल्या की सासूबाईंनाच दारात जाऊ दे, सुका माल विकून त्या ताईंना चार पैसे मिळतात हे कळलं की किती डबे द्यायचे ते त्या दोघी आपसात ठरवतील. सगळे नाही जाणार. दहाबारा राहतील, राहू देत, दिवाळीला चकल्या कशात देणारेस तू नणंदेला?

आणि एक, कुलपाबरोबर चाव्या दोन येतात. एक आपल्याकडे असावी, कधी हरवली तर, असं तुझ्या मनात येईल. दोन्ही त्यांना दे.

— काकू